इस्राएलमध्ये नोकरी करणाऱ्या ज्यू आईचं घर कसं चालतं?

प्रश्नकर्त्या ताईंनी विचारलंय, "तिकडच्या बायका नोकरी करतात, तीन-तीन मुलं असतात, आणि शनिवारी तर म्हणे घरात गॅससुद्धा पेटवत नाहीत. मग घर चालतं कसं?" गॅसचं वाचून मला हसूच आलं. शनिवारी पेटत नाही म्हणजे शुक्रवारी तो किती जळतो, ते माझ्या सिलिंडरला विचारा!

आधी मी कोण ते सांगते. माझा जन्म ठाण्याचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं आमच्यात सांगतात. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. 2003 साली मी आईबाबांबरोबर इथे आले. नर्सिंग मुंबईला झालं होतं. उल्पानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या भाषावर्गात हिब्रू शिकले, मग त्याच हिब्रूतून परवान्याची परीक्षा दिली (त्या परीक्षेवर वेगळं उत्तर लिहीन, आत्ता नको). आता समुद्रकाठच्या अश्दोद शहरात राहते, एका इस्पितळात नर्स आहे. नवरा बंदरात नोकरीला. थोरला मुलगा सैन्यात, मुलगी अकरा वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा, अजून बालवाडीत.

इथला आठवडा रविवारी सुरू होतो. वीसेक वर्षं झाली, तरी रविवारी पहाटे पाचला गजर झाला की माझ्यातली ठाणेकरीण कुरकुरतेच. सकाळपाळी सात ते तीन. त्याआधी मुलांचं 'दहा वाजताचं खाणं' भरायचं. असंच नाव आहे त्याला. म्हणजे सँडविच आणि चिरलेली काकडी, बस. चॉकलेट लावलेला पाव आमच्या बालवाडीत चालत नाही. माझी आई दर महिन्याला एकदा विचारते, "पोळी-भाजी दिली तर काय बिघडतं?" काही बिघडत नाही, पण मुलगा ती तशीच परत आणतो. मित्र विचारतात, हे पिवळं काय आहे?

दिवसाची खरी गोम दुपारी आहे. सरकारी बालवाडी तिसऱ्या वर्षापासून फुकट, फार चांगली सोय. पण शाळा-बालवाड्या एक ते दोनच्या दरम्यान सुटतात आणि नोकऱ्या चार-पाचला. मधल्या तीन तासांत मूल कुणाकडे? त्यासाठी 'त्साहरोन' असतं, बालवाडीतच चालणारा दुपारचा वर्ग. जेवण देतात, चार-साडेचारपर्यंत सांभाळतात. त्याचे पैसे मात्र वेगळे. तीन वर्षांच्या आतल्या बाळाचं पाळणाघर तर इतकं महाग, की दोघं लहान असताना काही जणी हिशोब मांडतात आणि घरीच बसतात. कायद्याने पालकाला मुलाच्या आजारपणासाठी वर्षातून आठ दिवस स्वतःच्या आजारपणाच्या रजेतले घेता येतात. बालवाडीत गेलेलं मूल वर्षातून आठच दिवस आजारी पडतं असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं.

आमच्या घरी या सगळ्याला एकच उत्तर आहे, ते दोन मजले खाली राहतं आणि त्याचं वय सत्तर आहे. माझी आई. मुलीची शाळा सुटली की ती आजीकडे जाते. धाकटा आजारी पडला की आजीकडे. लोक इस्राएलच्या तंत्रज्ञानाचं कौतुक करतात, पण हा देश आज्यांवर चालतो. उन्हाळ्यात तर विचारू नका. प्राथमिक शाळांना जुलै-ऑगस्ट सुट्टी आणि आईबापांना तेवढी रजा कुठून मिळणार? सुट्टीतल्या शिबिराला इथे 'कायताना' म्हणतात. जुलैत ती निघतात, पण ऑगस्टमध्ये बहुतेकांकडे उरते फक्त 'साबा-साव्ता कायताना', आजोबा-आजींचं शिबिर. हा शब्द मी बनवलेला नाही, सगळे इथे हसत हसत तसंच म्हणतात.

आजीमुळे एक गोष्ट आपोआप झाली. मुलांना मराठी कळतं. मला ती 'इमा' म्हणतात, म्हणजे हिब्रूत आई. तिला मात्र साव्ता न म्हणता आजीच म्हणतात. ती मराठीत ओरडते, ती हिब्रूत उत्तर देतात, आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इथले आमचे लोक काढतात. आई त्याचे जुने अंक जपून ठेवते आणि मुलीला त्यातलं मोठ्याने वाचायला लावते. मुलगी देवनागरी वाचते, पण कपाळाला आठ्या घालून.

बाळंतपणाच्या रजेबद्दलही विचारलंय. पगारी रजा 15 आठवडे. पैसे मालक देत नाही, राष्ट्रीय विमा देतो. नोकरीला वर्ष झालं असेल तर एकूण 26 आठवडे घरी राहता येतं, पण उरलेले बिनपगारी. भारतात 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजेचा कायदा आहे, असं मी वॉर्डात सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. (तो कायदा किती बायकांपर्यंत पोचतो हे मी सांगत बसले नाही. माहेरची लाज राखली.) इथे उलट एक गोष्ट फार चांगली. गल्लीगल्लीत 'तिपात हालाव' म्हणजे 'दुधाचा थेंब' नावाची केंद्रं आहेत. बाळाचं वजन, लसी, आईची चौकशी सगळं तिथे. थोरल्याच्या वेळी माझं हिब्रू कच्चं होतं. तिथल्या नर्सने मला दर वेळी कागदावर चित्रं काढून समजावलं.

आता शुक्रवार. बहुतेक ऑफिसं शुक्रवारी बंद, पण शाळा दुपारी बारापर्यंत असते. म्हणजे आईला घर रिकामं मिळतं ते आठ ते बारा, आठवड्यातले तेवढेच चार तास. त्यात बाजार, साफसफाई आणि दोन दिवसांचा स्वयंपाक. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा आमचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो. त्यात आग पेटवायची नाही, म्हणून मेणबत्त्या सूर्यास्ताच्या वीसेक मिनिटं आधी लावायच्या. जूनमध्ये साडेसात वाजता, तेव्हा चैन असते. डिसेंबरात चार-सव्वाचारला! मुलं बारा वाजता आली, जेवली, आंघोळी होईपर्यंत सूर्य समुद्रावर टेकलेला. आमच्या घरी हिवाळ्यातल्या शुक्रवारी कुणी कुणाशी धड बोलत नाही, फक्त "झालं का?" आणि "सरक" एवढेच शब्द ऐकू येतात.

शिजवलेलं अन्न 'प्लाता'वर ठेवतात. वर सपाट पत्रा असलेली विजेची शेगडी, बटण नाही, शुक्रवारी लावायची आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत ती कोमट-गरम राहते. मटणाचं कालवण तिच्यावर रात्रभरात मुरून झकास होतं. भाताची कडा वाळते. पोळी ठेवाल तर पापड होईल. हे मी चुका करत शिकले. आणि मांस-दूध एकत्र चालत नाही, भांडीसुद्धा वेगळी, म्हणून आमचं कालवण नारळाच्या दुधातलं. पहिल्यांदा शेजारीण जेवायला आली तेव्हा पांढरा रस्सा बघून तिचा चमचा हवेतच थांबला. "दूध?" "नारळाचं." मग तिने तीनदा वाढून घेतलं.

सगळी घरं सारखी कडक पाळतात असं मुळीच नाही. काही घरी शनिवारी समुद्रावर जातात, मांस भाजतात. काही घरी दिव्याच्या बटणालाही हात लावत नाहीत. आमचं मधलंच. चूल आणि वॉशिंग मशीन बंद, पण दिवे आम्ही लावतो. आई लावत नाही, आणि आम्ही लावलेल्या दिव्यात बसून वाचते. शुक्रवारी रात्री किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, ती काळ्या मनुका भिजवून शरबत काढते, कोकणात काढायचे तसंच. मुलांना दुकानातला द्राक्षरस आवडतो, पण हे बोलायची कुणाची हिंमत नाही.

शब्बाथला ड्युटी आली तर? येते की. पेशंट शनिवार बघून आजारी पडत नाहीत. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणं आमच्या धर्मात नुसतं चालतं असं नाही, मोडलाच पाहिजे. 'पिकुआख नेफेश' म्हणतात त्याला. पण अश्दोदला शनिवारी दिवसभर बस नाही, त्यामुळे गाडी काढावी लागते. आमच्या वॉर्डात पाळ्यांची अदलाबदल ठरलेली आहे. योम किप्पुरला, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, माझ्याऐवजी माझी एक अरब सहकारी येते, तिच्या ईदला मी जाते. रमजानमध्ये तिचा उपास सुटायची वेळ झाली की तिच्या पेशंटकडे दुसरी कुणीतरी न सांगता उठते.

योम किप्पुर आला की आईला अजून धक्का बसतो. आमच्या जुन्या लोकांत त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणायचे. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, उपास धरायचा, बाहेरच्या कुणाशी बोलायचंसुद्धा नाही. आणि इथे त्याच दिवशी रस्त्यावर एक गाडी नसते, म्हणून देशभरातली पोरं सायकली घेऊन मोठमोठ्या रस्त्यांवर उतरतात! धाकटा गेल्या वर्षी तिथेच सायकल शिकला. आई आत प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसली होती आणि दर पंधरा मिनिटांनी खिडकीशी येऊन बघत होती, पडला तर नाही ना.

सणांचा तो महिना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपासचा, नोकरी करणाऱ्या आईची परीक्षाच. नवं वर्ष, योम किप्पुर, मग आठवडाभर सुकोथ, म्हणजे मांडवांचा सण. शाळा चार दिवस उघडते, सहा दिवस बंद. बँक, डेंटिस्ट, नळवाला, कुणालाही काही विचारा, उत्तर एकच: "अखरेई हा-खगीम", सणांनंतर बघू. आपल्याकडे गणपती झाले की बघू म्हणतात, अगदी तसंच. वसंतात पेसाहची सुट्टी (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण, त्यात पाव चालत नाही), तेव्हाही शाळा दोन आठवड्यांहून जास्त बंद. त्यात घरातला पावाचा शेवटचा कण काढायचा. त्या सात दिवसांत एकच सुख, आमच्यात पेसाहला भात चालतो. अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या ज्यू शेजाऱ्यांच्यात चालत नाही. त्यांची मुलं आमच्या दाराशी घुटमळतात.

रॉकेट येताना वाजणाऱ्या भोंग्यांबद्दल विचारलंय, तर तेही लिहिते. नव्या घरांत एक खोली जाड काँक्रीटची आणि लोखंडी दाराची असते, 'मामाद'. बहुतेक घरांत ती मुलांची झोपायची खोली करतात, आमच्याकडेही तसंच. भोंगा झाला की अश्दोदमध्ये मिनिटभराच्या आत तिथे पोचायचं असतं. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर शाळा बंद आणि इस्पितळ चालू असे आठवडे गेले. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी इस्पितळातच तळघरात खोली काढली होती. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, त्याला ती सहल वाटायची. शेजारणीचा नवरा राखीव दलात महिनोन्महिने गेला, तीन पोरांना ती एकटी सांभाळत होती. आई दोघींच्याही घरी डाळ-भात पाठवायची. सीमेपलीकडच्या, गाझातल्या आयांवर काय गुजरलं ते दोन ओळींत लिहायचं धाडस मी करणार नाही. मी नर्स आहे, कल्पना येते, एवढंच.

आणि सैन्य. इथे ते मुलामुलींना सक्तीचं. मी स्वतः गेले नाही, एकवीस वर्षांची आले होते. थोरल्याला अठराव्या वर्षी बोलावणं आलं. त्या दिवशी बस सुटेपर्यंत सगळ्या आया हसतमुख असतात, बस सुटल्यावर कुणी कुणाकडे बघत नाही. आता तो एक शुक्रवार सोडून एक येतो. दुपारी दोन-तीनला, पाठीवर भली मोठी बॅग, आत सगळे मळके कपडे. डिसेंबरात सूर्यास्ताला तासभर उरलेला असतो. युनिफॉर्म धुवायला टाकले तर शब्बाथपूर्वी वाळत नाहीत. शनिवारी मशीन बंद, आणि रविवारी पहाटेच्या गाडीने त्याला परत जायचं असतं.

म्हणून आमचा शनिवार असा संपतो. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटला. मुलगी गच्चीत जाऊन मोजते, कधीकधी विमानही धरते. नवरा हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी करतो: वेणी घातलेली मेणबत्ती, मसाल्याचा वास, द्राक्षरस. मेणबत्ती विझते आणि मी मशीन लावते. आतला युनिफॉर्म गरागरा फिरायला लागतो. थोरला प्लातावरचं उरलेलं मटण पातेल्यातूनच खात उभा असतो, आणि खालून आईचा फोन येतो: "वाळत घालायला मी येते. तू उद्याची सँडविचं बघ."