उत्तर: नवऱ्याचा स्टॅम्प चालू, बायकोचा संपलेला, कॅरिबियन क्रूझ करावी का?

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. तुमचा एच-वनचा (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचा) पासपोर्टातला स्टॅम्प व्हॅलिड, वहिनींचा एच-फोरचा (एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसाचा) स्टॅम्प संपलेला पण आय-797, म्हणजे इमिग्रेशनचं मंजुरीपत्र, हातात, ॲनिव्हर्सरीसाठी ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून सात रात्रींची क्रूझ, वाटेत मेक्सिकोचं कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, आणि बुकिंगवाला सांगतोय की "क्लोज्ड लूप आहे, व्हिसाचं टेन्शन घेऊ नका." अहो हेच, शब्दही तेच, आम्हाला ऐकवले होते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, बाल्कनी घ्यावी का हा तुमचा दुसरा प्रश्न शेवटी घेते.

आधी डिस्क्लेमर: मी वकील नाही, नियम बदलतात, तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला ईमेल टाकून लेखी उत्तर घ्याच. पण माझं मत विचाराल तर या क्रूझवर वहिनींना चढू देणार नाहीत. आणि कसंबसं चढू दिलं तर परत येताना जे होईल ते त्याहून वाईट असेल.

पासपोर्ट किती महिने व्हॅलिड हवा, ऑनलाइन चेक-इन कसं करायचं वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देते. मुद्दा एवढाच आहे की क्लोज्ड लूपची, म्हणजे जिथून निघाली तिथेच परत येणाऱ्या क्रूझची, सवलत तुमच्यासाठी नाहीच. जहाज ज्या अमेरिकन बंदरातून निघतं तिथेच परत येत असेल तर अमेरिकन नागरिकाला जन्मदाखला आणि फोटो आयडी दाखवून चालतं, पासपोर्टही लागत नाही. 2009 साली पासपोर्टचे नियम कडक केले तेव्हा ही फट त्यांच्या नागरिकांसाठी ठेवली. बुकिंग ऑफिसातली माणसं दिवसभर अमेरिकन गिऱ्हाइकांशी बोलतात, त्यांच्या तोंडात ते वाक्य बसलेलं असतं, तुम्ही भारतीय पासपोर्टवाले आहात हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही. तुम्ही आणि मी मात्र जहाज बाहेरच्या बंदराला लागलं की अमेरिकेबाहेर गेलो, आणि परत येताना नव्याने प्रवेश मागतो. स्टॅम्प लागतो तो तिथे.

आता कोणीतरी तुम्हाला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन सांगेल, म्हणजे स्टॅम्प संपला असला तरी तीस दिवसांच्या आत परत आलात तर चालतं. ते खरं आहे पण अर्धंच. एच-वन, एच-फोरवाल्यांना ते फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरतं आहे, म्हणजे जमिनीने चिकटलेले देश. कॅरिबियनमधल्या बेटांवरून परत येताना ही सवलत फक्त एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थी वगैरे मंडळींना, आणि त्यांनाही क्यूबा वगळून. म्हणून तर घोळ होतो. तुमच्या ओळखीतलं कोणीतरी एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना संपलेल्या स्टॅम्पवर बहामाज करून आलेलं असतं आणि छातीठोकपणे सांगतं की आम्हाला कोणी विचारलं पण नाही. त्यांना नसेल विचारलं, त्यांचा नियम वेगळा होता.

आमचं काय झालं ते सांगते. 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अमेरिकेत एच-वनचा स्टॅम्प रिन्यू करून देण्याचा सरकारी पायलट प्रोग्रॅम (प्रायोगिक योजना) आला होता, वीस हजार लोकांसाठी, आठवत असेल. नवऱ्याने त्यात अर्ज केला आणि त्याचा स्टॅम्प होऊन आला. त्या पायलटमध्ये एच-फोर नव्हतेच, त्यामुळे माझ्या पासपोर्टात जुनाच, तारीख उलटून गेलेला स्टॅम्प. क्रूझ बुक करताना मी स्वतः बुकिंग ऑफिसला फोन केला, नाव घेत नाही, आणि नवऱ्याचं असं आहे, माझं असं आहे, हे फोड करून सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, मेन पॅसेंजरचा व्हिसा व्हॅलिड आहे ना, मग तुम्ही डिपेंडंट, तुमचं त्यातच आलं, शिवाय क्लोज्ड लूप आहे. मी म्हटलं हे ईमेलवर द्या. ईमेल आलं ते बुकिंगचं कन्फर्मेशन, त्यात खाली बारीक अक्षरात "योग्य कागदपत्रं बाळगण्याची जबाबदारी प्रवाशाची." पुन्हा फोन केला तर दुसरा माणूस, त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं आणि तेच उत्तर दिलं, वर "हॅव अ वंडरफुल क्रूझ." आता मेन पॅसेंजर हा प्रकार बुकिंगच्या स्क्रीनवर असतो, इमिग्रेशनमध्ये असलं काही नसतं, तिथे प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा आणि प्रत्येकाचा स्टॅम्प वेगळा.

टर्मिनलवर काय होतं, तर गाडीतून उतरल्या उतरल्या पोर्टर मोठ्या बॅगा घेऊन जातो. मग सिक्युरिटी, मग चेक-इनचं काउंटर. काउंटरवरच्या मुलीने नवऱ्याचा पासपोर्ट पाहिला, हसली, माझा पाहिला, पानं उलटली, परत उलटली, सुपरवायझरला बोलावलं. तो सभ्य होता हो, आवाज चढवला नाही काही नाही, पण म्हणाला सर जाऊ शकतात, मॅडम नाही. अशा माणसाला परत आणलं तर जहाज कंपनीला दंड होतो, त्यामुळे ते रिस्क घेतच नाहीत, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला आजही वाटत नाही. मी आय-797 दाखवला, त्याने तो वाचला सुद्धा, म्हणाला हे इथे राहण्याचं अप्रूव्हल आहे, आत येण्याचं नाही. बुकिंग ऑफिसला तिथूनच फोन लावला तर होल्ड म्युझिक, आणि शेवटी उचलल्यावर "बोर्डिंगचा निर्णय आमच्या हातात नसतो."

नवरा अर्थातच गेला नाही. (जा म्हटलं असतं तर गेला असता का, हा आमच्या घरातला वेगळा वाद आहे.) पण बॅगा जहाजावर गेलेल्या. त्या शोधून खाली आणेपर्यंत आम्ही टर्मिनलबाहेर फुटपाथवर बसून होतो आणि समोरून फुलाफुलांचे शर्ट घातलेली माणसं आत जात होती. त्या बॅगांमध्ये नवऱ्याची बीपीची गोळी होती. म्हणून साइड टिप, स्टॅम्प व्हॅलिड असो नसो, औषधं आणि कागद कधीच पोर्टरच्या बॅगेत टाकू नका, नाहीतरी बॅगा खोलीपर्यंत यायला संध्याकाळ होते.

पैशांचं ऐका आता. कागद अपुरे म्हणून चढू दिलं नाही तर भाडं परत मिळत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता, त्यांनीही हात वर केले, बहुतेक पॉलिसींमध्ये कागदपत्रांचा घोळ कव्हर नसतोच, तुमची नीट वाचा. पण पोर्ट टॅक्स आणि फी, आणि आधी भरलेली टिप, हे मात्र आम्हाला परत मिळालं, कारण आपण प्रवासच केलेला नसतो. मागावं मात्र लागतं. त्या ऑफिसने हे आपणहून सांगितलं नाही, आणि मी मागितल्यावर आधी "असं काही नसतं" म्हणाले. मग जहाज कंपनीकडे थेट लिहिलं. भाड्याच्या मानाने ती रक्कम काहीच नव्हती पण मी हट्टाने घेतली. त्या ऑफिसकडून साधं सॉरी आलं नाही, उलट वर्षभर "पुढची क्रूझ आमच्याकडेच" असे ईमेल येत राहिले.

तर तुमच्यासाठी काय पर्याय आहेत, माझ्या अकलेप्रमाणे.

अजून फायनल पेमेंटची तारीख गेली नसेल तर रद्द करा किंवा पुढे ढकला. आजच बघा ती तारीख. ती गेली की दर आठवड्याला दंड वाढत जातो आणि शेवटी शंभर टक्के कापतात. वहिनींचं स्टॅम्पिंग भारतवारीत करून घ्या आणि मग निवांत जा. आम्ही तेच केलं.

दुसरा, ज्या क्रूझ फक्त मेक्सिकोला जातात, उदाहरणार्थ टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनहून कोझुमेल आणि प्रोग्रेसो, त्या कागदावर रिव्हॅलिडेशनमध्ये बसतात. कागदावर. पण मी नाही सुचवणार. एक तर जहाज कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात. दुसरं म्हणजे मेक्सिकोत उतरायला व्हॅलिड अमेरिकन व्हिसा दाखवला की त्यांचा व्हिसा लागत नाही, पण वहिनींचा तोच तर संपलाय, मग मेक्सिकोचं वेगळं बघा. तिसरं आणि मोठं कारण म्हणजे ऑक्टोबर. हरिकेन सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर. वादळ आलं की कॅप्टन मार्ग बदलतो, वेस्टर्न कॅरिबियनचं ईस्टर्न कॅरिबियन करतो, मेक्सिकोऐवजी दुसऱ्याच बंदरात नेतो, कराराप्रमाणे त्याला तो हक्क असतो आणि त्याबद्दल भरपाईही नसते. बाकीच्यांना त्याचं फार तर वाईट वाटेल, वहिनी मात्र न ठरवता एखाद्या बेटावरून अमेरिकेत परत येत असतील.

तिसरा पर्याय, आणि मला विचाराल तर ॲनिव्हर्सरी ऑक्टोबरमध्येच करायची असेल तर हाच. जहाज सोडा, विमानाने थेट पोर्टो रिको किंवा सेंट थॉमसला जा. दोन्ही इमिग्रेशनच्या दृष्टीने अमेरिकाच, बाहेर पडलोच नाही तर परत येताना स्टॅम्पचा प्रश्न नाही. पाणी तेच, निळंशार. सॅन हुआनचा जुना किल्ला, एल युंकेचं जंगल, सेंट थॉमसहून फेरीने सेंट जॉनला जाऊन ट्रंक बे, यात आठवडा आरामात जातो. पासपोर्ट, आय-797, आय-94 ची (अमेरिकेत कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता या नोंदीची) प्रिंट जवळ ठेवा, सेंट थॉमसच्या एअरपोर्टवर निघताना तपासणी असते. फक्त तिथून "एक दिवस" म्हणून ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सची बोट पकडू नका. समोर दिसतात ती बेटं, बोटवाले हाका मारत असतात, पण तो परदेश आहे आणि मग पुन्हा हेच रामायण.

वहिनींचं काही अजून पेंडिंग असेल, विशेषतः स्टेटस बदलण्याचा अर्ज, तर देशाबाहेर पडल्यावर तो सोडून दिला असं धरतात. आणि ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यावर असाल तर ते अजून वेगळं. इथे मी काही बोलत नाही, वकील.

जेव्हा कधी क्रूझला जाल तेव्हा परत आल्यावर दोघांचाही आय-94 ऑनलाइन उघडून बघा. पासपोर्ट आय-797 च्या आधी संपत असेल तर पासपोर्टच्या तारखेपर्यंतचाच आय-94 मिळतो आणि लोकांना ते महिनोन्‌महिने कळत नाही.

बाकी क्रूझ प्रकरण आम्हाला आवडलं, खोटं कशाला बोलू. फार काही सांगत नाही, दोनचार गोष्टी जोडप्यांच्या कामाच्या. ड्रिंक पॅकेज: बऱ्याच जहाजांवर एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. नवरा घेतो, मी लिंबू सरबतवाली, म्हणजे माझ्या सरबताचे रोज कॉकटेलच्या भावाने पैसे. आम्ही सुटं सुटं घेतलं आणि स्वस्तात पडलं. टिप माणशी रोजची साधारण 16 ते 20 डॉलर आपोआप लागते, ती बजेटमध्ये धरा. शाकाहारी असाल तर डायनिंग रूमच्या हेड वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवा, भारतीय भाजी-डाळ मिळते. आम्हाला वाढणारा गोव्याचा निघाला, मग तर विचारूच नका.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. कोझुमेल आणि केमनमध्ये घड्याळं उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, जहाज मात्र बरेचदा फ्लोरिडाच्या वेळेवर चालतं, म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुमचा मोबाइल स्वतःहून एक तास मागे जाईल आणि तुम्ही किनाऱ्यावर निवांत बसाल. आणि ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, छोट्या बोटींनी जॉर्ज टाउनला उतरवतात. 2025 च्या एप्रिलमध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून धक्का नकोच म्हटलं. समुद्र खवळलेला असला की ते बंदर सरळ गाळतात, म्हणून स्टिंगरे सिटी (तिथली स्टिंगरे मासे बघायची सहल) बाहेरच्या कोणाकडे बुक केलीत तर जहाज न आल्यास पैसे परत देतो का ते आधी विचारा.

बाल्कनीचं: घ्या, पण मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची. वरच्या डेकवर टोकाला स्वस्तात मिळते, पण ती सगळ्यात जास्त हलते, आणि वहिनींना बस लागत असेल तर बाल्कनीचा उपयोग फक्त हवा खायला. डेक प्लॅनमध्ये बाल्कनीसमोर लाइफबोट येत नाहीये ना तेवढं बघून घ्या. फायनल पेमेंटची तारीख कळली की इथे टाका, दंडाचा तक्ता समजत नसेल तर मी बघते.