उल्हासनगर, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही शहरं एकमेकांना चिकटून असूनही इतकी वेगळी का वाटतात?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात नोकरीसाठी उल्हासनगरला राहायला यायचं आहे. नकाशावर कल्याणपासून बदलापूरपर्यंत सगळं एकच गाव दिसतं, मग इतकी नावं कशाला, आणि इथे नेमकं राहतं तरी कोण आणि किती? माझं लहानपण उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये गेलं. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, आजोळ कल्याणचं आणि लग्न होऊन मी बदलापुरात आले. त्यामुळे या पट्ट्याविषयी कोणी विचारलं की मला थोडक्यात सांगताच येत नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही शहरं आज भिंतीला भिंत लावून उभी असली तरी प्रत्येकाचं वय वेगळं आहे. कल्याण दोन हजार वर्षांचं. अंबरनाथचं देऊळ साडेनऊशे वर्षांचं, पण शहर कारखान्यांमुळे झालेलं. बदलापूर काल-परवापर्यंत खेडं. आणि उल्हासनगर एका झटक्यात, दोन-तीन वर्षांत भरलेलं. कोण कधी आलं आणि कशामुळे आलं, एवढं कळलं की वेगळेपणाचा उलगडा होतो.

उल्हासनगरपासूनच सुरुवात करते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची मोठी छावणी होती. सैनिकांसाठी दोन हजारांहून जास्त बराकी बांधलेल्या होत्या. युद्ध संपलं, छावणी ओस पडली. मग फाळणी झाली. पंजाब आणि बंगालची वाटणी झाली, पण सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला, म्हणजे सिंधी हिंदूंच्या वाट्याला स्वतःचं म्हणावं असं अर्धं राज्यसुद्धा उरलं नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि तिथून माणसांचा लोंढाच सुरू झाला. कोणी कराचीहून बोटीने मुंबई बंदरात उतरले, कोणी राजस्थानमार्गे रेल्वेने आले. सरकारने त्यांना युद्धकाळातल्या रिकाम्या छावण्यांत ठेवलं. पुण्याजवळची पिंपरी, नाशिकजवळची देवळाली, कोल्हापूरजवळचं वळिवडे म्हणजे आजचं गांधीनगर, या सगळ्या वस्त्या तशाच वसल्या. पण सर्वांत मोठी वस्ती इथली. एक लाखाच्या आसपास माणसं इथे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं.

कल्याणचे जुने लोक मात्र आजही ‘कॅम्पात जाऊन येतो’ असंच म्हणतात. छावणीचे पाच भाग होते, तेच आजचे कॅम्प एक ते पाच. त्यांच्या पोटात सेक्शन. आणि पत्ता लिहिताना बराक नंबर. जिथे बराक पाडून सात मजली इमारत झाली आहे, तिथेही पत्त्यात बराक नंबर लिहिलेला असतो. तुम्हाला पहिल्या आठवड्यात हे जरा विचित्र वाटेल, पण पोस्टमनला आणि रिक्षावाल्याला त्याच नंबराने घर सापडतं.

बराक म्हणजे काय, हे मी माझ्या मैत्रिणीच्या घरी पाहिलंय. मधे लांबच लांब हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. एका हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं ठेवलेली. तिची आजी सांगायची, सुरुवातीला मधे भिंती नव्हत्याच. गोणपाट आणि जुनी लुगडी दोरीवर टाकून ज्याने त्याने आपली जागा आखून घेतली होती. पुढे विटांच्या भिंती झाल्या, पण छताला न टेकणाऱ्या. मी जायचे तेव्हाही एका घरातली फोडणी तीन घरांत कळायची. दुपारी अंगणातल्या खाटांवर पापड वाळत घातलेले असायचे. मिरी भरडून घातलेले ते जाड सिंधी पापड. आम्ही मुली राखण करायला बसायचो आणि संध्याकाळी ती अम्मा प्रत्येकीच्या हातावर एक भाजलेला पापड ठेवायची. सिंधी घरात पाहुणा आला की आधी पाणी आणि पापड येतो, ही पद्धत मी तिथे शिकले आणि आज माझ्या घरीही तीच आहे.

त्या पापडांवर कितीतरी घरं उभी राहिली. शेती करणारे फारसे नव्हतेच, व्यापार रक्तात. आधी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकणारे, मग छोटी दुकानं, मग कॅम्प दोनचा फर्निचर बाजार, गजानन मार्केटचं कापड, कॅम्प पाचमधलं जीन्सचं शिवणकाम. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद तुम्हाला इथे पहिल्याच दिवशी कोणीतरी ऐकवेल. मला तो कधीच आवडला नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी दिसेल ती वस्तू बनवायला शिकून घेतली आणि एका पिढीत मुलांना कॉलेजात पाठवलं, यात हसण्यासारखं काय आहे? सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९६७ साल उजाडलं. त्याच्या आधीच, १९६५ मध्ये, सिंधमधून आलेल्या हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने इथे चांदीबाई कॉलेज काढलं होतं. आमच्या पट्ट्यातली मराठी मुलंही तिथे मोठ्या संख्येने शिकली.

उल्हासनगर म्हणजे फक्त सिंधी, ही समजूत मात्र घेऊन येऊ नका. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला कॅम्प एक, दोन, तीन आणि पूर्वेला चार, पाच. पूर्वेला मराठा सेक्शन आहे, सुभाष टेकडीची मोठी बौद्ध वस्ती आहे, पंजाबी आहेत, आणि जीन्सच्या कारखान्यांमुळे आलेले उत्तर भारतीय कारागीर आहेत. शहाडला सेंच्युरी रेयॉन आली तेव्हा कामगार देशभरातून आले. आमच्या चाळीत १४ एप्रिलची मिरवणूक, गणपती आणि सिंधी समाजाचा चालिया हे तिन्ही आपलेच सण होते. चालिया म्हणजे सिंधींचं दैवत झूलेलालचं चाळीस दिवसांचं व्रत, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. कॅम्प पाचच्या चालिया मंदिरात तेव्हा उभं राहायला जागा नसते. तुम्ही त्याच सुमाराला येणार असाल तर एकदा जरूर जा.

आता कल्याण. ते बंदर होतं, म्हणून आलेले लोकही बंदराचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वर्णनात ‘कल्लिएना’ म्हणून त्याचा उल्लेख आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांतही कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत मराठी आरमाराची सुरुवात झाली. दुर्गाडी किल्ला त्याच खाडीवर आहे. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ मध्ये कल्याणचाच. पारनाका, टिळक चौक या बाजूला जुने वाडे आणि ब्राह्मणवस्ती, दूधनाका आणि रेतीबंदरला कोकणी मुसलमानांची पिढ्यान् पिढ्यांची घरं, खाडीकाठी कोळी आणि आगरी. हे सगळे रेल्वेच्याही आधीचे. पहिली आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत, आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचली. त्या एका फाट्याने कल्याणला जंक्शन केलं. पुणे आणि नाशिक दोन्हीकडचे रूळ इथून फुटतात. कल्याण पूर्व, कोळसेवाडी हा भाग त्या रेल्वेमुळे वाढलेला आणि म्हणून तिथे तमिळपासून भोजपुरीपर्यंत सगळं ऐकू येतं.

अंबरनाथला गेलात तर शिवमंदिर बघितल्याशिवाय परतू नका. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा शिलालेख तिथे आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात ते पूर्ण झालं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर बघितलं तर थेट आकाश. महाशिवरात्रीला वडील आम्हाला पहाटे घेऊन जायचे, दगड थंडगार आणि गाभाऱ्यात बेलाच्या पानांचा ओला वास. बाहेर वालधुनी नदी. हीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून कल्याणला जाते आणि उल्हास नदीला मिळते. तीन शहरांना जोडणारी ती एकच खरी वस्तू आहे. आणि तिची काय अवस्था केलीय आपण! रासायनिक सांडपाणी आणि जीन्स रंगवण्या-धुण्याचं पाणी तिच्यात सोडून सोडून तिचा नाला झाला. वडिलांच्या लहानपणी तिच्यात पोहता येत होतं, हे माझ्या मुलांना खरं वाटत नाही आणि मला ते सांगताना दर वेळी गलबलून येतं.

अंबरनाथ शहर मात्र देवळाने नाही, कारखान्यांनी वाढवलं. काडेपेट्यांची विम्को स्वातंत्र्याच्या आधीची, नंतर ऑर्डनन्स फॅक्टरी, मग एमआयडीसी. त्यामुळे तिथे क्वार्टर्समध्ये राहणारा, पाळीचा भोंगा ऐकून उठणारा, देशाच्या सगळ्या राज्यांतून आलेला नोकरदार वर्ग होता. आमच्या घरी ओणमचं पायसम आणि दुर्गापूजेची मिठाई वडिलांच्या डब्यातून यायची.

बदलापूर सगळ्यात धाकटं. इथे शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं गावात सांगतात. आगरी-कुणब्यांची भातशेती, जांभळं, उल्हास नदी. गिरणगाव, गिरगाव, दादरच्या चाळीतून आधी डोंबिवलीला गेलेला मराठी मध्यमवर्ग, डोंबिवलीतही परवडेना तेव्हा बदलापूरला आला. आम्हीही त्यातलेच. म्हणून इथे अनोळखी माणसाशीसुद्धा बोलायला सुरुवात मराठीतच होते. पावसाळ्यात उल्हास नदीला विसरायचं नाही एवढंच. २६ जुलै २००५ ला ती घरांत शिरली होती, आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून पडली तेव्हा हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं.

लोकसंख्या विचारलीत. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आकडे २०११ चेच. कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या आसपास, भिवंडी सात लाखांच्या वर, उल्हासनगर ५ लाख ६ हजार, अंबरनाथ अडीच लाख, बदलापूर पावणेदोन लाख. पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. २००१ मध्ये उल्हासनगर पावणेपाच लाख होतं, म्हणजे दहा वर्षांत वाढ जेमतेम सात टक्के. कारण उघड आहे, साधारण १३ चौरस किलोमीटरमध्ये आणखी माणूस बसवायचा कुठे? त्याच दहा वर्षांत बदलापूर एक लाखाच्या आतून पावणेदोन लाखांवर गेलं. कल्याण-डोंबिवलीची वाढ कागदावर अगदीच थोडी दिसते, पण तिथे एक मेख आहे: २००२ मध्ये २७ गावं महापालिकेतून वगळली होती, ती २०१५ मध्ये परत आली. त्यामुळे २००१ आणि २०११ चे कल्याणचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर ती चुकणारच. कारभाराचंही तसंच. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ, बदलापूर त्यातच होतं, १९९२ मध्ये वेगळं निघालं. उल्हासनगर मात्र कधीच कल्याणमध्ये गेलं नाही, त्याची स्वतःची नगरपालिका १९६० पासून आणि महापालिका १९९६ पासून.

भिवंडीचं थोडक्यात सांगते. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, आणि आता यंत्रमाग व गोदामांवर काम करणारे बिहार-उत्तर प्रदेशचे तरुण. कल्याणहून खाडी ओलांडली की भिवंडी, पण लोकल नाही, म्हणून येणं-जाणं कमी.

आता तुमच्या घराचं. घरमालकाने नुसतं ‘उल्हासनगर’ म्हटलं तर कॅम्प कितवा ते आधी विचारा. एक आणि दोनला शहाड स्टेशन जवळ, तीन आणि चारला विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगर, आणि पाचच्या टोकाला राहणारे बरेच जण अंबरनाथला उतरतात. स्टेशन चुकलं तर रोज रिक्षाचे पैसे जातील. दुसरं, इमारत कोणत्या सालची आहे ते विचारा. १९९४-९५ च्या सुमाराला वालवा नावाची निकृष्ट रेती वापरून घाईघाईत उभ्या केलेल्या बऱ्याच इमारती आहेत, आणि स्लॅब कोसळून माणसं गेली आहेत. अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये खास उल्हासनगरपुरता कायदा झाला, पण कागद नियमित झाला म्हणून स्लॅब भक्कम होत नाही. स्ट्रक्चरल ऑडिटचा कागद दाखवला तरच पागडी-डिपॉझिटचं बोला. दाखवत नसतील तर अंबरनाथ पूर्वेला बघा, एकच स्टेशन पुढे आहे.