स्पर्धा परीक्षेत शेकडेवारीची उदाहरणे कमी वेळात कशी सोडवावीत?

शेकडेवारीच्या उदाहरणात आकडेमोड करण्यापूर्वी टक्के नेमके कशाचे आहेत, हे ठरवावे. बहुतेक चुका तिथेच होतात. साखरेचा भाव २५% वाढला आणि खर्च तेवढाच ठेवायचा असेल, तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा, हा पोलीस भरतीपासून बँकेच्या परीक्षांपर्यंत सर्वत्र आढळणारा प्रश्न घ्या. भाव ५/४ पट झाला, म्हणून वापर ४/५ पट व्हायला हवा, अर्थात घट २०%. पर्यायांत २५% हमखास दिलेले असते आणि घाईत तेच निवडले जाते.

यासाठी १२.५% म्हणजे १/८, १६ २/३% म्हणजे १/६, असे अपूर्णांक तोंडपाठ असावेत. लागोपाठच्या बदलांत टक्क्यांची बेरीज न करता गुणाकार करावा: आधी २०% वाढ व नंतर २०% घट झाल्यास १.२ × ०.८ = ०.९६, म्हणजे ४% घट.

गुणांच्या उदाहरणात मात्र फरक पुरतो. ३०% गुण मिळवणारा १५ गुणांनी नापास होतो आणि ४०% मिळवणाऱ्याला उत्तीर्णतेपेक्षा ३५ गुण जास्त मिळतात, तर १०% म्हणजे ५० गुण; म्हणून एकूण गुण ५०० आणि उत्तीर्णतेसाठी १६५. सूत्र आठवत बसण्याची गरजच नाही.