उन्हाळ्यातला धबधबा: हिशेब परतीच्या चढापासून मांडा

वीस जण, त्यातले बरेच नवखे, शहराजवळचा धबधबा, चार किलोमीटर आत आणि तीनशे मीटर खाली. किती वाजता निघायचं, पाणी किती घ्यायचं आणि डोहात उतरू द्यायचं का, हे तुमचे तीन प्रश्न. त्याआधी धबधब्याला सध्या पाणी आहे का, हे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारा. जुन्या फोटोंवर जाऊ नका, बरेच धबधबे उन्हाळ्यात नुसता ओला कातळ असतात.

आता वेळ. डोंगरमाथ्यावर जाताना आधी चढ असतो, मग उतार. दरीतल्या धबधब्याचं गणित उलटं. सकाळच्या गारव्यात सगळे हसतखेळत उतरतात आणि चढ वाट्याला येतो तो उन्हात, बाटल्या अर्ध्या झाल्यावर. म्हणून शेवटचा माणूस अकराच्या आत वर पोचला पाहिजे, इथून सुरुवात करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही चालतो: ताशी ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्त. तुमच्या वाटेला त्या हिशेबाने सव्वा तास लागतो. पण तो धडधाकट, सवयीच्या माणसाचा. नवख्यांच्या घोळक्यासाठी, तेही उन्हात, मी सरळ दुप्पट धरतो. म्हणजे साडेआठला धबधबा सोडायचा, साडेसातला तिथे पोचायचं आणि सहाला चालायला लागायचं. कुरकुर होईल, होऊ द्या.

पाणी तासाला अर्धा ते एक लिटर धरा, म्हणजे माणशी किमान तीन लिटर. धबधब्यावरून निघण्याआधी प्रत्येकाची बाटली स्वतः हातात घेऊन बघा. निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक हवं. तिथलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय किंवा चांगल्या फिल्टरमधून गाळल्याशिवाय प्यायचं नाही. आणि घामाबरोबर मीठही जातं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. सोबत खारट खाऊ आणि ओआरएसची पाकिटं ठेवा.

चालताना पुढे एक जाणता, शेवटी एक जाणता. शेवटच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. नवे लीडर एक गोष्ट हमखास विसरतात. पुढचे थांबतात, दम खातात, मागचे धापा टाकत पोचले की लगेच "चला" म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. शेवटचा माणूस बसल्यावर घड्याळ लावा.

डोहाबद्दल माझं उत्तर: वीस नवख्यांना नाही. काठच्या शेवाळावरून पाय सटकतो, ते सगळ्यांना माहीत असतं. धारेखाली काय होतं ते पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कळत नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात शरीर नीट तरंगत नाही. वर पडणारी धार खाली दाबते आणि पृष्ठभागावरचा उलटा प्रवाह पुन्हा धारेकडेच ओढतो. त्यातून तापलेल्या अंगाने गार पाण्यात उडी घेतली की पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत. ओढ्यात खालच्या बाजूला उथळ, संथ जागा बघा आणि तिथे पाय बुडवून बसू द्या. वरच्या अंगाला पाऊस झाला तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ झालं किंवा पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, तर कपडे-फोटो सोडून सगळ्यांनी उंचावर.

परतीच्या चढावर गप्प झालेल्या माणसाकडे लक्ष ठेवा. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला तर सावलीत बसवा, पाणी आणि मीठ द्या. पण असंबद्ध बोलायला लागला, बाटलीचं झाकण उघडता येईना, तोल जायला लागला, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. तोंडात पाणी ओतू नका. सावलीत आडवा करा, जादा कपडे काढा, हाताशी असेल तेवढं पाणी अंगावर ओता आणि वारा घालत राहा. उचलून न्यायचं ते गार करायला लागल्यानंतर. रेंज नसेल तर मदत आणायला दोघांना पाठवा, एकट्याला नाही, आणि ठिकाण कागदावर लिहून द्या.