‘थांबून बघू’ म्हणजे नेमकं काय करायचं?

*ताई, मी ३६ वर्षांची आहे. दोन-अडीच महिने डाव्या हातापायाला मुंग्या येतायत. मधे काही दिवस एका डोळ्याने धूसर दिसत होतं, ते आपोआप गेलं. मेंदूचा एमआरआय झाला. त्यात काही लहान पांढरे ठिपके दिसले, पण ते कशामुळे हे सांगता येत नाही आणि लक्षणांशी ताडून बघावं, असं रिपोर्टमध्ये आहे. न्यूरोलॉजिस्टना विचारलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाला इजा होणारा आजार) असेल का? म्हणाले, ‘आत्ता हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. पाच-सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढू.’ तेव्हापासून रात्री उठून मोबाइलवर रिपोर्ट वाचते, एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघते, घरात कोणी नसलं की सरळ रेषेत चालून बघते. नवरा म्हणतो, काही नसेल, उगाच विचार करतेस. आईला सांगितलेलंच नाही. कधी कधी वाटतं, वाईट तर वाईट, पण काय ते एकदाचं कळू दे. असं वाटणं चूक आहे का?*

नाही गं, अजिबात चूक नाही. आजाराला नाव मिळालं की औषध असतं, पुढची पायरी असते, लोकांना सांगायला एक शब्द असतो. तुझ्याकडे आज यातलं काहीच नाही, आणि भीती मात्र पूर्ण आहे. ‘काय ते एकदाचं कळू दे’ हे त्या दमणुकीतून येतंय.

निदान करणं माझ्या हातात नाही. पण तुझ्या पत्रावरून वाटतं की डॉक्टरांना खरं काय ते माहीत आहे आणि ते सांगत नाहीत, असं तू मनात धरून बसली आहेस. म्हणून तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचतेस. पण त्या कागदात लपवलेलं काही नाही. एमआरआयमध्ये पांढरा दिसणारा ठिपका एवढंच सांगतो की तिथल्या पेशीजालात काहीतरी बदल झालाय. तो बदल मायग्रेनमुळे असू शकतो, वाढलेल्या रक्तदाबामुळे असू शकतो, धूम्रपानामुळे किंवा नुसत्या वयामुळेही. बी-१२ कमी झालं तर मुंग्या येतातच, शिवाय मेंदूत आणि मज्जारज्जूतही बदल दिसू शकतात. मशीन जागा दाखवतं, कारण दाखवत नाही. कारण ठरतं तुझी लक्षणं, डॉक्टरांनी हातोडीने गुडघ्यावर ठोकून केलेली तपासणी, रक्ताचे रिपोर्ट आणि ठिपक्यांची जागा हे सगळं एकत्र मांडल्यावर.

आणि काळ. हे तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. एमएसचं निदान ज्या मॅकडोनाल्ड निकषांवर होतं, ते २००१ साली ठरले आणि नंतर वेळोवेळी सुधारले गेले. त्यांचा मूळ गाभा असा की इजा मज्जासंस्थेत वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेळी झालेली असावी. अलीकडच्या सुधारणेत वेळेची अट सैल झाली आहे, पण चित्र स्पष्ट नसेल तर पुन्हा स्कॅन काढावा लागतो. म्हणजे दोन स्कॅनमधलं अंतर हा तपासणीचाच भाग आहे. तुला रांगेत ताटकळत ठेवलंय असं समजू नकोस. घाईत एमएसचा शिक्का बसला आणि नंतर तो मायग्रेन निघाला, असं घडतं. अशा माणसाने तोवर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं विनाकारण घेतलेली असतात. तुझे डॉक्टर ‘माहीत नाही’ म्हणाले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तरी वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. त्या डोळ्याचं डॉक्टरांना सांगितलंस का? पत्रातून ते कळत नाही. ‘आपोआप गेलं’ म्हणून सोडून दिलं असशील तर आधी ते सांग. डोळा फिरवताना दुखत होतं का, लाल रंग फिका दिसत होता का, किती दिवस टिकलं, हे आठवून लिहून ने. डोळ्याच्या नसेची वेगळी तपासणी असते, ती करायची का हे विचार. मज्जारज्जूचा एमआरआय हवा का, हेही विचार. पाठीतून पाणी काढून तपासण्याचा उपयोग होईल का, हेही. २०१७ च्या सुधारणेनंतर त्या पाण्यातली विशिष्ट प्रथिनं सापडली तर काही जणांचं निदान दुसऱ्या स्कॅनची वाट न बघता होऊ शकतं. तुझ्या बाबतीत त्याची गरज आहे की नाही, ते डॉक्टर सांगतील. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर बिनधास्त घे. फक्त कागद नको, स्कॅनची सीडी सोबत ने.

आता रात्रीचं. मध्यरात्री घाबरून उठलीस की श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. त्या खऱ्याच असतात, पण त्या ठिपक्यांच्या नसतात. तू मात्र त्या मोजतेस, आणखी घाबरतेस, आणखी येतात. म्हणून कॅलेंडर वाचणं आणि रेषेत चालणं बंद कर. त्याऐवजी रोज संध्याकाळी एकदाच वहीत तारीख घालून लिही: काय झालं, कुठे, किती वेळ. एमएसचा झटका मानायला लक्षण सहसा किमान २४ तास टिकावं लागतं, तेही ताप नसताना. दोन मिनिटांची मुंगी आणि दोन दिवसांची मुंगी यांतला फरक वहीत आपोआप दिसेल, आणि डॉक्टरांना तोच हवा असतो. मोबाइलवरचा रिपोर्ट नवऱ्याकडे दे आणि तुझ्याकडचा काढून टाक. झोप अशीच उडालेली राहिली तर तेही डॉक्टरांना सांग, त्यावरही उपचार असतात.

अचानक एका बाजूची ताकद गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दिसेनासं झालं, फिट आली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर वही बाजूला ठेवायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. तिथे सहा महिन्यांची वाट नाही.

नवऱ्यावर चिडू नकोस, पण त्याचं ‘काही नसेल’ तसंच गिळूही नकोस. बहुधा तोही घाबरलाय. त्याला सांग, ‘मला धीर नको देऊस, पुढच्या वेळी माझ्यासोबत ये आणि डॉक्टर बोलतील ते लिहून घे.’ काम दिलं की माणूस जवळ येतो, असा माझा अनुभव आहे. आईला मात्र सांग, असं माझं ठाम मत आहे. फोनवरच्या तुझ्या आवाजावरून तिला काहीतरी बिनसल्याचं कळलेलं असणार, आणि ती मनाने काय काय रचत असेल कोण जाणे. ‘तपासण्या चालू आहेत, अजून काही ठरलेलं नाही, ठरलं की तुला पहिला फोन करीन,’ एवढं पुरे.

आणि समजा, एमएसच निघाला तर? हा प्रश्न तू लिहिलेला नाहीस, पण रात्री तोच असतो. त्याचे झटके कमी करणाऱ्या पहिल्या औषधाला अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळाली. आज डझनाहून अधिक औषधं आहेत आणि ती लवकर सुरू केल्याचा फायदा होतो. नेटवर व्हीलचेअरचे जे फोटो तू बघितले असशील, त्यांतले कितीतरी लोक या औषधांच्या आधीच्या काळात आजारी पडलेले आहेत.

‘पाच-सहा महिन्यांनी’ असं तू लिहिलंयस, तारीख लिहिलेली नाहीस. उद्या फोन करून पक्की तारीख घे. शक्यतो त्याच मशीनवर स्कॅन काढा असं सांग, म्हणजे दोन्ही चित्रं शेजारी ठेवून नीट ताडता येतील. आणि मधे नवं काही झालं तर कोणत्या नंबरवर कळवायचं, ते त्याच फोनवर विचारून घे.