उमेदवारी कोणाच्या हाताखाली करायची, ते आधी ठरव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अमेरिकेत नर्सिंग होम ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. अंथरुणाला खिळलेली, स्मृती हरवत चाललेली म्हातारी माणसं जिथे राहतात, तिथला कारभार जीव लावून पाहणारे लोक फार हवे आहेत. परीक्षेला कुठली पुस्तकं आणू, असं तू विचारलं आहेस. ते सांगतेच, पण त्याआधी उमेदवारी कोणाच्या हाताखाली करायची, याचा विचार कर. पुढे तू कशी ॲडमिनिस्ट्रेटर होशील, हे बरंचसं तिथेच ठरतं.

नियमांचं आधी उरकते. या कामाला परवाना लागतो, आणि तो केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. १९६७ साली सोशल सिक्युरिटी कायद्यात दुरुस्ती झाली आणि मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत, भाग घेणाऱ्या राज्यांना नर्सिंग होम चालवणाऱ्यांसाठी परवान्याची पद्धत आणावी लागली. तेव्हापासून प्रत्येक राज्याच्या अटी निराळ्या. बहुतेक ठिकाणी पदवी लागते, पोलिसी पार्श्वभूमी तपासतात, आणि मग येते एआयटी (ॲडमिनिस्ट्रेटर-इन-ट्रेनिंग), म्हणजे परवानाधारक ॲडमिनिस्ट्रेटरच्या देखरेखीखाली करायची उमेदवारी. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये पदवीधरासाठी ती साधारण १,००० तासांची असते. काही राज्यांत आधीचा अनुभव किंवा मास्टर्समधली इंटर्नशिप धरून तास कमी होतात. त्यानंतर नॅबची, म्हणजे राज्यांच्या परवाना मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेची परीक्षा; तिचे दोन भाग, एक सामाईक आणि दुसरा खास नर्सिंग होमचा. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं आपल्या कायद्याची वेगळी परीक्षाही घेतात. तुझी पदवी भारतातली आहे, तेव्हा तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागेल आणि त्याला वेळ लागतो. म्हणून राज्य आधी पक्कं कर. एका राज्याचा परवाना दुसरीकडे आपोआप चालत नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो.

आता प्रीसेप्टरबद्दल. ज्याच्याकडे तू एआयटी करशील तो माणूस किती हुशार आहे, यापेक्षा तो दिवसातला किती वेळ आपल्या खोलीबाहेर असतो, हे बघ. भेटायला जाशील तेव्हा त्याच्याबरोबर एक फेरी मारायची इच्छा दाखव. तो रहिवाशांना नावाने हाक मारतो का? सफाई करणारी बाई त्याला थांबवून काही सांगते का, की तो दिसला की भिंतीला लागून उभी राहते? काही ठिकाणी एआयटी करणाऱ्याला फुकटचा कारकून समजतात. तास वहीत भरतात आणि मुलगी वर्षभर बिलांच्या फायली लावत बसते. अशा जागेला स्पष्ट नाही म्हण, मग ती घराजवळ असली तरी.

जागा निवडण्याआधी तिचे तपासणी अहवाल वाच. केंद्राच्या केअर कंपेअर संकेतस्थळावर ते कोणालाही बघता येतात. ही सरकारी तपासणी, म्हणजे सर्व्हे, न कळवता होतो, आणि दोन सर्व्हेंमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये असा नियम आहे. सापडलेल्या प्रत्येक त्रुटीला ए ते एल असं अक्षर मिळतं. जे, के, एल म्हणजे रहिवाशाच्या जिवाला तातडीचा धोका. एखादी त्रुटी दिसली म्हणून जागा वाईट ठरत नाही. तीच त्रुटी दर वर्षी पुन्हा दिसली, तर मात्र कागदावर लिहून दिलेली सुधारणा प्रत्यक्षात कोणी केलीच नाही, असं समज. अहवाल हातात पडल्यापासून दहा दिवसांत सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. प्रीसेप्टरला विनंती कर की तो लिहिताना मला शेजारी बसू दे. तेवढ्या दिवसांत तू जे शिकशील ते कुठल्या वर्गात मिळणार नाही.

उमेदवारीचे तास खात्यांमध्ये वाटून दिलेले असतात: नर्सिंग, स्वयंपाकघर, हिशेब, इमारतीची देखभाल वगैरे. नर्सिंगला आणि स्वयंपाकघराला जास्त वेळ दे. रात्रपाळीही कर. पहाटेच्या सुमाराला कॉरिडॉरमध्ये उभी राहा आणि दारावरचे कॉल लाइट बघ. दिवा लागल्यापासून कोणी आत जाईपर्यंत किती वेळ जातो, ते घड्याळ लावून मोज. अनेकदा आतल्या माणसाला फक्त बाथरूमला जायचं असतं. कोणी आलं नाही तर तो स्वतः उठतो, पडतो, आणि खुब्याचं हाड मोडतं. दिवसपाळीच्या मीटिंगमध्ये तुला ‘फॉल’ हा आकडा दिसेल; तो कसा तयार होतो, ते रात्री कळतं.

तसंच जेवणाच्या ट्रेचं. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाचं जेवण वाटून मऊ केलेलं, पाणी घट्ट केलेलं असतं आणि ट्रेवरच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं. ट्रे भरताना तिथे उभी राहून चिठ्ठी आणि ताट जुळवून बघ, मग तोच ट्रे पलंगापर्यंत कोण नेतं, तेही बघ. चुकीचा ट्रे चुकीच्या माणसासमोर गेला तर ठसका लागून माणूस जाऊ शकतो. ही साखळी एकदा डोळ्यांनी पाहिलीस की स्वयंपाकघरातला एक माणूस कमी करा, असं कोणी म्हटल्यावर काय उत्तर द्यायचं, ते तुला विचारावं लागणार नाही.

आणि असं म्हणणारे भेटतील. केंद्राच्या नियमाप्रमाणे ॲडमिनिस्ट्रेटरला नेमतं संचालक मंडळ, आणि तो त्यांना उत्तरदायी असतो. पण परवाना तुझ्या नावावर असतो, कंपनीच्या नाही. छळाचा किंवा गंभीर इजेचा आरोप झाला तर दोन तासांच्या आत राज्याला कळवावं लागतं. रात्री फोन आला तर उठून कळवायचं. सकाळी बघू, असं म्हणायची सोय नाही. म्हणून पहिली नोकरी घेताना पगाराआधी एवढं विचार: याआधीचा ॲडमिनिस्ट्रेटर किती दिवस टिकला, का गेला, आणि कर्मचारी वाढवायचे तर मंजुरी कोणाकडून घ्यावी लागते. नर्सिंग डायरेक्टरला वेगळं भेटू देत नसतील तर ती नोकरी घेऊ नकोस.

हिशेबाच्या खात्यात एक गोष्ट पक्की करून घे, कारण ती घरच्यांना तुलाच सांगावी लागेल. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठीचा केंद्राचा आरोग्य विमा, सगळ्या मुक्कामाचा खर्च भरेल, असं लोक धरून चालतात. मूळ मेडिकेअरमध्ये आधी निदान तीन दिवस रुग्णालयात रीतसर दाखल असावं लागतं, आणि मग कुशल देखभालीची, म्हणजे नर्स किंवा थेरपिस्टनेच करायच्या उपचारांची, गरज असेल तोवर जास्तीत जास्त १०० दिवस मिळतात. त्यातले पहिले २० पूर्ण, पुढच्या दिवसांना रोजचा वाटा स्वतःचा. हे दाखल होताना सांगितलं तर मुलांना वेळ मिळतो. शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर आईला कुठे न्यायचं, या चिंतेने ती कोसळतात. नीट बसून, सोप्या शब्दांत, लागलं तर दोनदा सांगायला शीक.

पुस्तकांचं असं की नॅबच्या स्वतःच्या सराव परीक्षा सोडव आणि केंद्राचे सर्व्हेअर वापरतात ती नियमांची पुस्तिका रोज थोडी वाच. ती जाडजूड आहे, पण फुकट मिळते. दिवसा वॉर्डात जे पाहिलंस, त्याचाच भाग रात्री उघड, म्हणजे लक्षात राहील.

राज्य ठरलं की तिथल्या तीन जागा निवड, त्यांचे मागचे अहवाल वाच आणि प्रत्येकीबद्दल तुला काय वाटलं, ते मला लिहून पाठव. अर्ज त्यानंतर भरू.

तुझी,
मावशी