बोटावरची साखर

"ताई, मी २५ वर्षांची आहे. सांगलीत मार्केट यार्डात एका बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेबाला असते. दोन महिन्यांपूर्वी दुकानातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. माझं एचबीए१सी, ती दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.६ आलं, उपाशीपोटी साखर ११२. एक डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, गोळी चालू करू. दहा दिवसांनी मिरजेत दुसरीकडे तपासलं, तर ६.२ आणि १०४. तिथले डॉक्टर म्हणाले, काठावर आहे, तीन महिन्यांनी बघू. आमच्या तात्यांचा, थोरल्या चुलत्यांचा, पाय शुगरनं गुडघ्याखाली काढलाय. मी घरी मशीन आणलंय, दिवसातून दहा-अकरा वेळा बघते. परवा दुपारी दुकानात १८७ आलं, मी मागं गोदामात जाऊन रडले. भात, भाकरी, साखर सगळं सोडलंय. चार किलो वजन उतरलं, म्हणजे शुगरच ना? रात्री तीनदा लघवीला उठते. झोपताना पायाच्या बोटांना सुई टोचून बघते, कळतंय का. आई म्हणते कुणाजवळ बोलू नको, स्थळं यायला लागलीत. तात्यांकडं दोन महिने गेले नाही. मला शुगर आहे का नाही, एवढं तरी कुणीतरी सांगा."

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतच्या रिपोर्टच्या झेरॉक्स चार वेळा. मी डॉक्टर नाही, म्हणून तुझं नाव झाकून ते कागद माझ्या ओळखीच्या एका फिजिशियन बाईंपुढं ठेवले. खाली तब्येतीचं जे लिहिते आहे ते त्यांच्याशी बोलून.

तुला शुगर आहे का नाही, हे या कागदांवरून आज कुणालाच ठाम सांगता येणार नाही. आणि तुझे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. एचबीए१सी ६.५ किंवा वर गेलं की मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. उपाशीपोटी १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे पुन्हा तीच आधीची पायरी. पहिल्या डॉक्टरांनी तुझं ६.६ बघितलं, दुसऱ्यांनी ६.२ आणि १०४ बघितलं. पण नियम असाही आहे की माणसाला ठळक लक्षणं नसतील, तर एका आकड्यावर निदान करायचं नाही, मर्यादेच्या वर गेलेले दोन निकाल लागतात. तुझा एकच आहे. म्हणजे तुझी तपासणी अजून अर्धीच झालीये. ती पुरी करायची.

आता मला ज्या गोष्टीनं चैन पडू दिलं नाही ती सांगते. तुझ्या पहिल्या रिपोर्टचं दुसरं पान बघ. वरून तिसरी ओळ. हिमोग्लोबिन ९.१. तुझ्या चार पानी पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. कुठल्या डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवल्याचंही तू लिहिलेलं नाहीस. बाईला ते बारा तरी असावं लागतं. एचबीए१सी म्हणजे काय, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं माप. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ते माप दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. पण अंगात लोह कमी असेल, तर हा आकडा साखर तेवढी नसतानाही थोडा चढलेला दिसू शकतो. तुझ्या ६.६ मधलं थोडं हे असेल का? असू शकतं. बाई म्हणाल्या, इतकं हिमोग्लोबिन कमी असताना मी एचबीए१सीवर विसंबणारच नाही, सरळ रक्तातली साखर बघेन. आणि हिमोग्लोबिन ९.१ हे स्वतःच एक दुखणं आहे. ते का उतरलं ते शोधून त्याचं औषध घ्यायला हवं. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय ओढत घरी येते, असं तू लिहिलंयस आणि ते सगळं शुगरच्या खात्यावर मांडलंयस. हिशेबाला असतेस ना? ही नोंद चुकीच्या खात्यावर पडलेली असू शकते.

मग पुढं काय. फिजिशियनकडं जा, दोन्ही रिपोर्ट आणि हिमोग्लोबिनचं पान घेऊन. उपाशीपोटीची साखर पुन्हा आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी बघतात ती जीटीटी, या दोन्हींबद्दल विचार. दोन्हींना रक्त दंडातून घेतलेलं हवं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, दोन तासांनी आकडा १४० च्या आत आला तर ठीक, २०० किंवा वर गेला तर मधुमेह, मधला आला तर काठावर. इथं एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. या चाचणीच्या आधी किमान तीन दिवस नेहमीसारखं पोटभर जेवावं लागतं, भात-भाकरीसकट. पिठूळ सगळं सोडून उपाशी राहिलेल्या माणसाच्या अंगात एकदम ग्लुकोज गेलं, तर साखर उगाच चढलेली दिसू शकते. तू आज आहेस तशी जाऊन बसलीस, तर पुन्हा एक फसवा कागद हातात येईल. तेव्हा आजपासून शाळूची भाकरी ताटात आली पाहिजे. भाकरी, अख्खा मसूर किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, कांदा-काकडी, वाटीभर दही. काठावरच्या माणसानंही हेच खायचं असतं, फक्त बेतानं. शेजारच्या काकूंनी सांगितलेला कारल्याचा रस चाचणी होईपर्यंत राहू दे. आदल्या रात्रीपासून आठ-दहा तास उपाशी राहायचं, पाणी चालतं, आणि ते दोन तास तिथंच बसून राहायचं.

तात्यांना शुगर आहे, तू अंगानं बारीक आहेस आणि वजन उतरलंय, एवढं डॉक्टरांना आवर्जून सांग. मधुमेह ठरलाच, तर तो कुठल्या जातीचा हे बघायला आणखी एक-दोन तपासण्या लागू शकतात. तरण्या वयात इन्शुलिनच कमी पडणारा प्रकारही होतो, त्याचा उपचार वेगळा असतो. आणि हे मात्र लक्षात ठेव: पाणी पिऊनही तहान भागत नाही, खाऊनपिऊन वजन झपाट्यानं उतरतंय, उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, असं झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तुझं मात्र आज तसं दिसत नाही, का ते सांगते. वजन उतरलं, कारण तू जेवण सोडलंस. रात्री उठतेस, कारण 'पाणी भरपूर प्या' असं कुठंतरी वाचून झोपायच्या आधी तांब्याभर पाणी पितेस, हे तूच तिसऱ्या पानावर लिहिलंयस. तरीही दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाल.

आता ते १८७. दुपारी, दुकानात. मी तुला विचारते, तेव्हा हातात काय होतं? सौद्याचा दिवस असेल तर नमुन्याचा बेदाणा चिमटीत धरून बघितला असशील, चार दाणे तोंडात टाकले असतील, मग बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवून टोचलं असशील. बेदाण्याची साखर बोटाच्या रेषांत बसते, स्पिरिटनं ती पुरती निघत नाही, आणि रक्ताचा थेंब तिच्यावरच येतो. मशीनला काय कळणार की ही साखर रक्तातली नाही, तासगावच्या मळ्यातली आहे! द्राक्षं सोलून, गूळ फोडून तपासलं तरी हेच होतं. साबणानं हात धुऊन, खडखडीत पुसून बघितलं असतंस तर आकडा वेगळा येऊ शकला असता. १८७ खोटंच होतं असं मी म्हणत नाही. पण त्या आकड्यापायी गोदामात रडण्याइतका तो खात्रीचा नव्हता. चांगल्या मशीनलाही १५ टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे खरी साखर १२० असली तर १०२ किंवा १३८ दाखवलं तरी मशीन बिघडलेलं नसतं. ज्यांची गोळी-इन्शुलिन चालू आहे त्यांना दिशा दिसावी म्हणून ते यंत्र आहे, निदान करायला नाही. तुझ्या वहीतले ते वरखाली होणारे आकडे म्हणजे बरेचसे मशीनचे हेलकावे आहेत.

इथवर साखरेचं झालं. पण तुझं दुसरं एक दुखणं आहे आणि ते मला जास्त मोठं वाटतं. जीटीटी चांगली आली तरी ते राहील, वाईट आली तरी राहील.

माझी धाकटी बहीण गळ्याच्या गाठीनं गेली. त्यानंतर वर्षभर मी जबड्याखाली बोटं दाबून गाठ शोधायची. भाजी चिरताना, एसटीत, देवापुढं बसल्यावरसुद्धा. दाबून दाबून तिथं दुखायला लागलं, मग सूज आली, आणि ती सूज बघून माझी खात्रीच पटली. तीन डॉक्टर झाले. प्रत्येकानं काही नाही म्हटलं की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी वाटायचं, यानं नीट बघितलंच नसेल. चौथ्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बाई, आठवडाभर इथला हात काढा. मग या." पहिले तीन दिवस जीव नुसता कासावीस झाला. सहाव्या दिवशी सूज उतरली होती.

तू पायाला सुई टोचतेस ना, ते हेच. कळलं तर रात्रीपुरतं समाधान, आणि एखाद्या रात्री जरा कमी कळल्यासारखं वाटलं की उजाडेपर्यंत मोबाईल. शिवाय टोचून टोचून झालेली जखम हीच पायाला खरी जोखीम, तात्यांच्या पुतणीला हे मी सांगायला नको. सुई आजपासून बंद. मशीन आईच्या कपाटात, किल्ली आईकडं. पुढं डॉक्टरांनी बघायला सांगितलं, तर त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच बघायचं. टोचावंसं वाटेल, खूप वाटेल. तेव्हा घड्याळ बघून पंधरा मिनिटं दुसऱ्या कामाला हात घाल, भांडी घास, अंगणात पाणी मार. भीती लाटेसारखी चढते आणि आपण काहीच केलं नाही तर तिची तीच उतरते. एकदा उतरताना बघितलीस की दुसऱ्यांदा सोपं जातं. रात्री दहानंतर मोबाईल आप्पांच्या उशाशी. संध्याकाळी दुकान सुटल्यावर आयर्विन पुलावरून चालत जाऊन ये, हिमोग्लोबिन चढेपर्यंत सावकाश. चालण्याचा साखरेलाही उपयोग आहे. चेन्नईच्या डॉक्टरांनी काठावरच्या लोकांना तीन वर्षं चालणं-खाणं सांभाळायला लावलं, तर मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला, २००६ साली ते छापून आलंय. काठावर उभी असलेली तू एकटी नाहीस, २०२३ साली छापून आलेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजात अशी १३ कोटींहून जास्त माणसं निघाली. सगळी पलीकडं जात नाहीत.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत हात आवरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं. या आजाराच्या भीतीवर बोलून करायचे चांगले उपचार आहेत. सिव्हिल हॉस्पिटलात हा विभाग असतो. तिथवर जायला संकोच वाटला तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलीमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि मरून जावं असा विचार मनात आला तर आठवडे मोजू नकोस, त्याच घडीला आईला उठव.

स्थळांचं. आईवर रागावू नकोस, तिनं तात्यांचा पाय बघितलाय. पण तिचं मला पटत नाही. अजून जे ठरलेलंच नाही ते पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही. चाचणी होऊन मधुमेह निघाला, तर पसंती झाल्यावर, सुपारी फुटायच्या आत, मुलाला तू स्वतः सांगायचं. मध्यस्थाकडून नाही. मधुमेह असलेल्या बायकांचे संसार होतात, मुलंबाळंही होतात, फक्त दिवस राहण्याआधीपासून साखर आवाक्यात ठेवावी लागते. लपवलेली गोळी मात्र सासरच्या कपाटात फार दिवस लपत नाही, आणि लपवायच्या नादात डोस चुकतात.

आणि तात्या. तूच लिहिलंयस, तात्यांनी आठ वर्षं रक्त तपासलं नाही, द्राक्षाच्या बागेत अनवाणी हिंडायचे, तार लागली ती त्यांना कळलीच नाही, आणि जखम काळी पडेपर्यंत ते गावातच मलम लावून घेत राहिले. तुझ्या हातात पहिल्याच महिन्यात दोन रिपोर्ट आहेत. त्यांची वाट आणि तुझी वाट एक नाही. दोन महिने पुतणी आली नाही, त्याचं कारण त्यांना कुणी सांगितलं नसेल, आणि ते आपल्या पायाकडं बघून काय ते समजले असतील. येत्या रविवारी जा. पायाकडं बघवत नसेल तर बघू नकोस, काकूंच्या हातचा चहा घे आणि यंदा बागेची छाटणी कधी धरणार ते विचार. त्यांना बोलायला तेवढं पुरेल.